पांढरे हात

सुट्टीत काय काय केलं, ते आधी सांगते.
मयेच्या तळ्यावर तीनदा गेलो.
पायडलची धड बोट एकच, तिच्यात सहा जण,
आणि बरोब्बर मधोमध पोचल्यावर कृपेश म्हणाला,
मला पोहता येत नाही हां.
हरवळ्याला धबधबा बघायला गेलो. धबधबा नव्हता.
काळा कोरडा दगड होता,
त्यावर एक आजोबा बनियन वाळत घालून
बनियनची राखण करत बसले होते.
हसताना युगंधाची एक चप्पल खाली गेली,
दुसरी तिने उगाच हातात धरून घरी आणली.

शिरगावच्या जत्रेला सुलक्षाचे आईबाबा गेले
त्या रात्री तिच्या गच्चीवर पार्टी.
कशाची, ते कुणालाच माहीत नव्हतं.
स्पीकर भजनी मंडळाचा, कृपेशच्या मामाकडून आणलेला,
प्रत्येक गाण्याआधी खाकरायचा.
आम्ही नाचलो. म्हणजे आल्दीना नाचली,
आणि आम्ही तिच्याभोवती हललो.

आल्दीना सगळीकडे होती.
हे मुद्दाम सांगते,
कारण ती येणार नाही असं मला वाटलं होतं.
खरं म्हणजे येऊ नये असंही.

नववीच्या शेवटच्या आठवड्यात
फळ्यावर परोब सरांचं चित्र निघालं:
सर खाली, आणि त्यांच्या डोक्यावरचा टोप
पंख फुटून खिडकीतून चाललेला.
चित्र चांगलं होतं.
फळा पुसायची पाळी आल्दीनाची होती,
हात तिचे पांढरे होते.
सर काही बोलले नाहीत, नुसते तिच्या हातांकडे बघत राहिले.
मग हेडबाईंनी तिच्या आईला बोलावलं.
चोडणहून दोन बस बदलून ती आली,
रविवारचा निळा फ्रॉक घालून, मिसला जाते तशी,
आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर
पर्स मांडीवर उभी धरून तासभर बसली.
मी पाणी प्यायला तीनदा त्या वाटेने गेले.
मला तहान नव्हती.

(चित्रात टोपाला मी चोचही काढली होती.
ती कुणाच्या लक्षातच आली नाही.)

मेच्या शेवटी आल्दीनाचा भाऊ बोटीवर चालला
म्हणून तिच्या घरी जेवण.
फणसाखाली खुर्च्या, पोर्कचा वास,
युगंधा फक्त केक आणि सोलकढी घेऊन बसलेली,
एक काका रडत एक काका गात.
मी मागेमागेच होते. तिच्या आईने शोधून काढलं.
"तू चित्रं काढतेस ना गो? आल्दीना सांगते, खूप बरी काढतेस."
माझ्या हातातली वाटी हलली असणार.
कढी ओघळून मनगटावर आली.
"मग माझ्या बाबाचं नाव घाल त्या पेटीवर.
मुंबईला पेट्या बदलतात म्हणे."

पेटी काळी, रंग पांढरा,
ब्रशचे केस झडलेले.
ओसरीत पालथी बसून मी लिहिलं
सावियो, मग आडनाव, मग गाव,
आणि जागा उरली म्हणून एक लहानशी बोट,
धूर सोडणारी.
सगळे वाकून बघत होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
बोटं कोपरापर्यंत माखली होती माझी.

आल्दीना रॉकेलचा बोळा घेऊन आली.
माझा एकेक बोट धरून पुसायला लागली,
अंगठ्यापासून, नखांच्या कडा सुद्धा,
आणि बोलत होती कृपेशबद्दल,
त्याने म्हणे युगंधाला नवी चप्पल घेतलीय,
पण एकच पायाची, जी हरवली तीच.
मी म्हटलं, आल्दीना.
ती म्हणाली, हल्लू नको.

चार तारखेला शाळा.
नवा वर्ग वरच्या मजल्यावर, असं म्हणतात,
खिडकीतून खाणीचा डोंगर दिसतो.
परोब सर परवा डिचोलीच्या बाजारात भेटले युगंधाला,
आंबे निवडत होते.
टोप घातला नव्हता.
ती म्हणते, आधी ओळखूच आले नाहीत,
मग तेच हसले.